नमाजला ‘निस्कारम’ म्हणणारी माणसे

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी दुखण्याखुपण्याबद्दल, लग्नकार्याबद्दल, घरातल्या कुरबुरींबद्दल लिहिणाऱ्या भगिनी एकच प्रश्न विचारू लागतात : मुलाला कोणत्या भाषेत शिकवावे? उर्दूत घातले तर नोकरीचे काय, मराठीत घातले तर दीनचे काय, इंग्रजीत घातले तर तो दादीशी बोलणार कसा? प्रश्न शाळेचा दिसतो, पण त्याच्या पोटात एक धास्ती असते. घरात मराठी, कोकणी किंवा दखनी बोलणाऱ्या मुसलमानाला केव्हा ना केव्हा कोणीतरी ऐकवलेले असते, ‘तुमची भाषा तर उर्दू ना?’ बाहेरचे ऐकवतात तसे घरचेही ऐकवतात. मग आपलीच बोली आपल्याला उसनी वाटू लागते.

या प्रश्नाला सरळ उत्तर देण्याऐवजी या महिन्यात आम्ही वाचकांना केरळात नेणार आहोत. तिथल्या लोकसंख्येत चौथ्या हिश्श्याहून अधिक मुसलमान आहेत आणि त्यांची मातृभाषा मलयाळम आहे. शेकडो वर्षे त्यांचा संसार, बाजार, प्रार्थना आणि भांडणे याच भाषेत चालत आली. या भाषेपाशी त्यांनी काय राखले, मध्येच काय गमावले आणि ते परत कसे मिळवले, ही हकिकत आपल्या घरांना उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते.

पडच्चोन, नोंबु आणि पळ्ळी

मलबारच्या मुसलमान घरात आईला ‘उम्मा’ म्हणतात, वडिलांना ‘उप्पा’ किंवा ‘बाप्पा’, थोरल्या भावाला ‘इक्का’ आणि थोरल्या बहिणीला ‘इत्तात्ता’. उम्मा शब्दात अरबी ओळखू येते. पण याच घरात नमाजला काय म्हणतात? ‘निस्कारम’. आपल्या ‘नमस्कार’ शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. रोजा म्हणजे ‘नोंबु’. ईद म्हणजे ‘पेरुन्नाळ’, अर्थात मोठा दिवस. रमजान ईद ती ‘चेरिय पेरुन्नाळ’, धाकटी. बकरी ईद ती ‘वलिय पेरुन्नाळ’, थोरली. मशिदीला ‘पळ्ळी’ म्हणतात. संकटात आणि शुक्रगुजारीत अल्लाहचे नाव तर घेतातच, पण त्याच्याबरोबर तोंडी येणारा शब्द असतो ‘पडच्चोन’. पडयक्कुक म्हणजे निर्माण करणे, आणि पडच्चोन म्हणजे ज्याने घडवले तो.

यातले बरेच शब्द एकट्या मुसलमानांचे नाहीत. केरळातला ख्रिस्तीही आपल्या चर्चला पळ्ळीच म्हणतो, त्याच्या उपवासालाही नोंबु म्हणतात आणि त्याच्या चर्चच्या उत्सवालाही पेरुन्नाळ. हिंदू स्त्रियांच्या व्रतालाही नोंबु शब्द चालतो. शाळेलासुद्धा जुना शब्द ‘पळ्ळिक्कूडम’. एकाच भांड्यातले पाणी चौघांनी आपापल्या घरी नेले, इतके ते साधे झाले आहे.

काही वाचकांना हे ऐकून थोडे चमकल्यासारखे होईल. नमाजला निस्कारम? पण थोडा विचार करावा. आपण म्हणतो ते नमाज, रोजा, खुदा, पैगंबर हे शब्द तरी अरबी कुठे आहेत? ते फारसी आहेत. कुरआनात शब्द येतो ‘सलात’, शब्द येतो ‘सौम’. इराणच्या लोकांनी इस्लाम स्वीकारला आणि आपल्याच भाषेतले जुने शब्द नव्या इबादतीसाठी वापरले. ते शब्द पुढे हिंदुस्थानात आले आणि आपल्याला धर्माइतकेच पवित्र वाटू लागले. मलबारच्या मुसलमानांकडे इस्लाम इराणच्या वाटेने आला नाही. अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तो थेट समुद्रावरून आला. म्हणून इराणी माणसाने आपल्या भाषेत जे केले, तेच मलयाळी माणसाने आपल्या भाषेत केले. सजदा तोच, किबला तोच, कुरआनची तिलावतही अरबीतच. तिच्याभोवतीची बोलणी मात्र उम्माच्या भाषेत.

भाषा घडली कशी

मलयाळम ही द्राविड कुळातली भाषा. तमिळची ती सख्खी बहीण. नावाची फोड साधारण अशी केली जाते की ‘मला’ म्हणजे डोंगर, आणि डोंगराळ मुलुखाची ती मलयाळम. सह्याद्रीची रांग आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत राहणाऱ्यांची बोली नवव्या शतकापासून पुढच्या तीन-चारशे वर्षांत तमिळपासून हळूहळू वेगळी होत गेली. वाळप्पळ्ळी येथला नवव्या शतकातला लेख हा तिच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानतात. तमिळपासून ती किती वेगळी झाली, हे एका खुणेवरून कळते. मराठीत आपण ‘तो आला, ती आली, ते आले’ म्हणतो. तमिळही क्रियापदाला असे प्रत्यय लावते. मलयाळमने ते सारे गाळून टाकले. तो असो, ती असो, चार माणसे असोत, ‘वन्नु’ म्हटले की आला, आली आणि आले. परक्या माणसाला शिकताना एवढी एक गोष्ट सोपी जाते, एरवी मलयाळमचे उच्चार जीभ वळवणारेच आहेत. आपल्याकडे ‘ळ’ आहे म्हणून आपण फुशारतो, तर त्यांच्याकडे ळ आहेच आणि त्याच्या शेजारी आणखी एक खोल ळकार आहे. कोळिकोड या नावात तोच येतो. परक्यांना तो साधत नाही, म्हणून त्यांनी त्या शहराचे कालिकत करून टाकले.

आज ही भाषा केरळ आणि लक्षद्वीपची राजभाषा आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३ कोटी ४८ लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. २०१३ साली तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्या मराठीला तो २०२४ च्या ऑक्टोबरात मिळाला.

तिच्या लिखाणाची गोष्ट मोठी रंजक आहे. सुरुवातीला ‘वट्टेळुत्तु’ नावाच्या गोलसर लिपीत लिहीत. पण त्या लिपीत अक्षरे कमी होती, संस्कृतचे सगळे ध्वनी त्यात बसत नसत. मग ज्यांना संस्कृत शब्द हवे होते त्यांनी दक्षिणेतली ग्रंथ लिपी जवळ केली आणि आजची मलयाळम लिपी तिच्यातून आली. सोळाव्या शतकात एळुत्तच्छन या कवीने रामकथा मलयाळममध्ये गाऊन ही भाषा घराघरांत पोचवली, म्हणून त्याला मलयाळमचा जनक म्हणतात. केरळच्या ख्रिस्ती लोकांची धर्मभाषा सुरयानी, तर त्यांनी सुरयानी अक्षरांत मलयाळम लिहिली. कोचीच्या यहुदी बायकांनीही आपली लग्नाची आणि सणाची गाणी मलयाळममध्येच रचली आणि वह्यांत उतरवून ठेवली. म्हणजे बोली एक आणि लिहिण्याच्या पद्धती जितक्या मंडळी तितक्या.

या सहवासाचा एक पुरावा तांब्यावर कोरलेला आहे. इसवी सन ८४९ च्या सुमारास कोल्लम बंदरातल्या एका चर्चला स्थानिक राज्यकर्त्याने जमीन आणि हक्क दिले, त्याचा ताम्रपट. मजकूर मलयाळमच्या त्या आरंभीच्या वळणाचा, वट्टेळुत्तुत कोरलेला. पण खाली साक्षीदारांच्या सह्या आहेत, त्यांतल्या काही अरबी कूफी अक्षरांत, काही इराणच्या पहलवीत आणि काही हिब्रू अक्षरांतल्या फारसीत. चर्चचे दान, देणारा हिंदू, आणि साक्षीला मुसलमान, पारशी व यहुदी व्यापारी. मलयाळम भाषा लिहिली जाऊ लागली तेव्हा अरबी अक्षरे तिच्या शेजारी साक्षीला हजर होती.

कुरआनच्या अक्षरांत मलयाळम

कोळिकोड, पोन्नानी, कण्णूर या बंदरांत अरब व्यापारी येत, राहत, इथेच लग्ने करीत. त्यातून आणि स्थानिकांनी इस्लाम स्वीकारल्यामुळे जो समाज उभा राहिला त्याला ‘माप्पिळा’ म्हणतात. पोन्नानीला मख्दूम घराण्याने इल्मचे मोठे केंद्र उभारले. त्यांचा फिक्ह शाफई. आमच्या कोकणातल्या वाचकांना हे वाचून आपलेपणा वाटेल, कारण कोकणी मुसलमानही शाफईच, आणि माहीमचे मख्दूम अली माहिमी हेही शाफई आलिम. एकाच समुद्राने दोन्ही किनाऱ्यांना एकच शिकवण दिली.

माप्पिळा मुलगा किंवा मुलगी मदरशात कुरआन वाचायला शिके, म्हणजे अरबी अक्षरे तिला येत. बोलणे मलयाळम. मग त्याच अक्षरांत घरची भाषा लिहायला काय हरकत? पण अडचण होती. अरबीत प नाही, च नाही, ट, ण आणि ळ तर नाहीतच. तेव्हा अरबी अक्षरांनाच टिंबे आणि खुणा जोडून नवी अक्षरे तयार केली गेली. मलयाळममध्ये स्वर फार, म्हणून जेर-जबरच्या खुणाही न गाळता लिहायची पद्धत पडली. ही झाली ‘अरबी-मलयाळम’.

या लिखाणातले तारखेनिशी सापडणारे सर्वांत जुने काव्य १६०७ सालचे आहे. कोळिकोडचे काजी मुहम्मद यांनी शेख अब्दुल कादिर जीलानी (रह.) यांच्या गौरवार्थ रचलेली ‘मुहियुद्दीन माला’. काजीसाहेब अरबीचे पंडित होते, अरबीत त्यांनी काव्यही केले. पण घरातल्या बायामाणसांनी म्हणावे असे लिहायचे तेव्हा त्यांनी मलयाळमच घेतली. आणि आपल्याच काव्यात रचनेचे साल सांगताना त्यांनी केरळचा स्थानिक कोल्लम शक वापरला, ७८२. पुढे तीनशे-साडेतीनशे वर्षे मगरिबनंतर ही माला घरोघर म्हटली जाई. मुलगी पाहायला आलेली मंडळी तिला माला पाठ आहे का, असे विचारीत. मालेतल्या मजकुरावरून पुढे उलमांत मतभेद झाले. तो वाद आमचा विषय नाही. आम्हाला एवढेच सांगायचे आहे की त्याच शतकात इकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत ओव्या लिहीत होते. आपल्या लोकांशी आपल्या लोकांच्या भाषेत बोलावे, हे दोघांनाही कोणी शिकवावे लागले नाही.

पुढे या लिपीत सगळे काही लिहिले गेले. नमाज-रोज्याचे मसले, नबींच्या कहाण्या, लढायांची दीर्घ काव्ये, वैद्यकाची पुस्तके, चार दरवेशांची गोष्ट. एकोणिसाव्या शतकात कण्णूरच्या अरक्कल घराण्याशी संबंधित मायिनकुट्टी एळया यांनी कुरआनचे भाषांतर आणि तफसीर अरबी-मलयाळममध्ये केले. थलश्शेरी, पोन्नानी, तिरूरंगाडी इथल्या शिळाप्रेसांतून पुस्तके छापली जाऊ लागली. कोंडोट्टीचे मोयिनकुट्टी वैद्यर यांनी १८७२ साली, वयाच्या विशीत, ‘बदरुल मुनीर हुस्नुल जमाल’ हे प्रेमकाव्य लिहिले आणि चार वर्षांनी बद्रच्या लढाईवरचे काव्य. चाळिशीत, १८९२ साली ते वारले, पण त्यांची गाणी आजही माप्पिळा लग्नांत ऐकू येतात.

दार कुठे बंद झाले

इथवर वाचून कोणाला वाटेल, सगळे छानच चालले होते. तसे नव्हते.

मलयाळम बोलणे आणि ती मदरशाच्या अक्षरांत वाचणे एवढ्यावर समाज थांबला. देशाच्या चालू लिपीकडे त्याने पाठ फिरवली. त्याला कारणे होती. गावातल्या जुन्या शाळेत अक्षरओळख ‘हरिश्री’च्या मंगलाचरणाने सुरू होई, त्यामुळे ती लिपी दुसऱ्यांची वाटे. इंग्रजी शाळा तर ज्यांच्याशी मलबारचा मुसलमान लढत आला होता त्या फिरंग्यांची. आधी पोर्तुगीज आणि मग ब्रिटिश, चारशे वर्षांचा हा संघर्ष होता. पण कारणे खरी असली तरी त्यांची किंमत द्यावीच लागते. घरात चार पुस्तके वाचू शकणारी बाई सरकारदरबारी निरक्षर ठरे. जमिनीचा कागद, कोर्टाची नोटीस, वर्तमानपत्र, शेजाऱ्याने लिहिलेले पत्र, सगळे तिच्यासाठी बंद. आणि समाजाबद्दल दुसरे काय लिहितात ते वाचता येत नसेल, तर त्याला जबाबही देता येत नाही.

ही गोष्ट ज्यांना बोचली त्यांत पहिले नाव घ्यावे लागते सय्यद सनाउल्लाह मक्ती तंगळ यांचे (१८४७–१९१२). पोन्नानीजवळच्या वेलियनकोडचे हे सय्यद. सरकारी नोकरी सोडली आणि लेखणी हाती धरली. त्या काळी ख्रिस्ती मिशनऱ्यांचे छापखाने जोरात होते. जर्मन मिशनरी हेरमान गुंडर्ट यांनी मलयाळमचे पहिले वर्तमानपत्र १८४७ साली थलश्शेरीहून काढले आणि १८७२ साली मोठा शब्दकोशही छापला. त्या भाषेवर त्यांनी घेतलेली मेहनत नाकारता येत नाही. पण इस्लामवरची टीकाही याच मिशन छापखान्यांतून मलयाळममध्ये छापून येई. मक्ती तंगळ यांनी पाहिले की टीका मलयाळम लिपीत आहे आणि आपले उत्तर मदरशाच्या लिपीत दिले तर ते आपल्याच लोकांत फिरत राहील. १८८४ साली त्यांनी ‘कठोर कुठारम’ हे पुस्तक मलयाळम लिपीत छापले. मलयाळम लिपीत छापून आलेले मुसलमानाचे ते पहिले पुस्तक समजले जाते. मुसलमानांनी मलयाळम नीट लिहायला शिकावे, इंग्रजी शिकावे, मुलींना शिकवावे, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. आपल्याच लोकांनी त्यांना कमी त्रास दिला नाही.

दुसरे नाव वक्कम अब्दुल कादिर मौलवी (१८७३–१९३२). दक्षिणेत त्रावणकोर संस्थानातले हे आलिम. अरबी, फारसी, संस्कृत जाणणारे. त्यांनी १९०५ साली ‘स्वदेशाभिमानी’ नावाचे मलयाळम वर्तमानपत्र काढले. पैसा मौलवींचा, छापखाना मौलवींचा, आणि पुढच्याच वर्षी संपादक झाले के. रामकृष्ण पिळ्ळै. पिळ्ळै दिवाणाच्या कारभारावर निर्भीडपणे लिहीत आणि मौलवी त्यांच्या लेखणीला हात लावीत नसत. २६ सप्टेंबर १९१० रोजी पोलिसांनी छापखान्याला टाळे ठोकले, यंत्र जप्त केले आणि पिळ्ळै यांना संस्थानाबाहेर हद्दपार केले. मौलवींच्या हयातीत तो छापखाना त्यांना परत मिळाला नाही. आज केरळात वृत्तपत्रस्वातंत्र्याची गोष्ट निघाली की या प्रसंगापाशी येतेच. भाषा आपली मानणे म्हणजे काय, याचे आम्हाला तरी याहून स्पष्ट उदाहरण माहीत नाही. सर्वांच्या भल्यासाठी सर्वांच्या भाषेत काढलेल्या पत्रापायी एका मौलवीने आपली मिळकत गमावली. आणि याच मौलवींनी १९१८ साली ‘अल-इस्लाम’ नावाचे मासिक अरबी-मलयाळममध्येही काढले, कारण घरातल्या भगिनींना तेवढेच वाचता येत होते. जुनी लिपी टाकून नवी घ्या, असे म्हणण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. जो जिथे उभा आहे तिथे जाऊन त्याला हात दिला.

मग हळूहळू पाटी भरू लागली. मदरशांची शिकवणी सुधारली. वाळक्काडच्या मदरशात चालिलकत कुन्हहम्मद हाजी यांनी अभ्यासाची नवी पद्धत आणली आणि अरबी-मलयाळमची अक्षरेही नीट बसवली. १९३८ साली एम. हलीमा बीवी या अवघ्या विशीतल्या तरुणीने ‘मुस्लिम वनिता’ हे मासिक मलयाळममध्ये सुरू केले. १९४७ साली कासरगोडचे कवी टी. उबैद यांनी कोळिकोडच्या साहित्य परिषदेत माप्पिळा गाण्यांवर निबंध वाचला. हीसुद्धा मलयाळम कविताच आहे, तिला दाराबाहेर का ठेवता, असे त्यांचे म्हणणे होते. सभेने ते मान देऊन ऐकले. सात वर्षांनी, १९५४ मध्ये, ‘नीलक्कुयिल’ चित्रपटात माप्पिळा चालीवरचे एक गाणे आले आणि ते साऱ्या केरळाच्या ओठांवर बसले.

बशीर यांची बकरी

आता त्या लेखकाकडे वळू, ज्याच्यामुळे उम्माची बोली मलयाळम साहित्याच्या दिवाणखान्यात येऊन बसली. वैक्कम मुहम्मद बशीर (१९०८–१९९४). शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यात गेले, तुरुंग पाहिला, वर्षानुवर्षे देशोदेशी भटकले, पडेल ते काम केले. लिहायला बसले तेव्हा त्यांनी पुस्तकी मलयाळम बाजूला ठेवली.

माप्पिळा बोलीला तोवर लोक हसत. शुद्ध बोलणारे ‘वन्नु’ म्हणतात, माप्पिळा बाई ‘बन्नु’ म्हणते. पावसाला शुद्ध शब्द ‘मळा’, त्यातल्या अवघड ळकाराचा ती ‘य’ करते आणि ‘मया’ म्हणते. आमच्या कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या कोणत्याही भगिनीला विचारा, शाळेत अशा एका अक्षरावरून वर्ग कसा हसतो ते ती सांगेल. बशीर यांनी ती बोली जशीच्या तशी कागदावर उतरवली. त्यांच्या ‘पात्तुम्मायुडे आडु’, म्हणजे ‘पात्तुम्माची बकरी’ या १९५९ सालच्या पुस्तकात त्यांच्या स्वतःच्याच घराचा गोंधळ आहे. भाऊ, बहिणी, भावजया, पोरे, कोंबड्या, आणि बहीण पात्तुम्माची एक बकरी, जी लेखकाची छापून आलेली पुस्तकेसुद्धा खाऊन टाकते. त्यात एक धाकटा भाऊ आहे, शाळेत मास्तरकी केलेला. तो थोरल्या भावाच्या लिखाणात व्याकरणाच्या चुका काढतो. बशीर त्याला उडवून लावतात. आपण बोलतो तसेच आपण लिहिणार, हे त्यांचे धोरण. याच माणसाला पुढे १९८२ साली पद्मश्री मिळाली आणि मलयाळमचे थोर लेखक मोजताना त्यांचे नाव पहिल्या दोन-तीनांत येते.

पण बशीर यांनी बोलीचा नुसता लाड केला असे समजू नये. १९५१ ची त्यांची एक कादंबरी आहे, तिच्या नावाचा अर्थ ‘माझ्या आजोबांचा एक हत्ती होता’. कुंजुपात्तुम्मा नावाची साधी मुलगी. तिची आई उठता-बसता एकच सांगते, माझ्या वडिलांकडे दांडगा हत्ती होता. घर बुडाले, जमीन गेली, तरी हत्ती काही दारातून जात नाही. मुलीला अक्षर येत नाही, ते शेजारी आलेली आयशा नावाची शिकलेली मुसलमान मुलगी तिला शिकवते. शेवटी गल्लीतली पोरे आईला चिडवतात की तो हत्ती ‘कुळियाना’ होता. मातीत खळगा करून बसणारा एक बारकासा किडा असतो, त्याला मलयाळममध्ये खड्ड्यातला हत्ती म्हणतात. वाचताना आधी हसू येते. मग आपल्याही घरात असा एखादा हत्ती बांधलेला आहे की काय, हे आठवून हसू थांबते. आमचे पूर्वज असे होते, आमची तालीम तशी होती, हे आपण किती सांगतो आणि मुलीच्या हातात पाटी किती दिवस देत नाही!

कोळिकोडचे मैदान

१८ एप्रिल १९९१ रोजी कोळिकोडच्या मानांचिरा मैदानावर मोठी सभा भरली होती. केरळ संपूर्ण साक्षर झाल्याची घोषणा व्हायची होती. ती घोषणा करण्याचा मान मलप्पुरम जिल्ह्यातल्या चेलक्कोडन आयशा यांना देण्यात आला. त्या नवसाक्षर होत्या, मोठ्या वयात मोहिमेच्या वर्गात बसून मलयाळम अक्षरे शिकलेल्या. ज्या समाजाने एकेकाळी त्या लिपीकडे पाठ फिरवली होती, त्याच समाजातल्या एका बाईच्या तोंडून साऱ्या राज्याने ती बातमी ऐकली. मक्ती तंगळ यांना जाऊन तेव्हा जवळजवळ ऐंशी वर्षे झाली होती.

एक बाजू मात्र सांगायलाच हवी. मलयाळम लिपी आली आणि अरबी-मलयाळम मागे पडली. मदरशांच्या पाठ्यपुस्तकांत ती आजही आहे, पण जुन्या मालांच्या पोथ्या वाचणारे कमी झाले. कोंडोट्टीला वैद्यरांच्या नावाने अकादमी आहे, तिथे ही गाणी आणि पुस्तके जपायचे काम चालते. घरातला माणूस जिवंत असताना विचारले तर चार गोष्टी कळतात, नंतर अकादमीला शोधत बसावे लागते.

आणि भाषा जिवंत असली की ती नव्या दुःखालाही शब्द देते. सत्तरच्या दशकात मलबारचे तरुण आखातात गेले, तेव्हा एस. ए. जमील यांचे ‘दुबई कत्तुपाट्टु’ घरोघर वाजू लागले. दुबईला गेलेल्या नवऱ्याला बायकोने लिहिलेले पत्र, गाण्याच्या रूपात. ‘कत्तु’ म्हणजे पत्र, मूळ अरबी ‘खत’. रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांनी अशी पत्रे लिहिली आणि वाट पाहिली, त्यांना त्या गाण्याचा अर्थ सांगायची गरज नाही. तो एकटेपणा त्या बाईने स्वतःच्या बोलीत सांगितला, म्हणून तो ऐकणाऱ्यांच्या काळजाला भिडला.

आता आपल्या भगिनींच्या प्रश्नाकडे. मलयाळी मुसलमानांच्या हकिकतीतून आम्हाला तीन गोष्टी दिसतात. पहिली, दीन कोणत्याही एका भाषेच्या कुलपात नाही. मुलाला नमाजचा अर्थ तो ज्या भाषेत स्वप्ने पाहतो त्या भाषेत समजावून सांगा, तो अधिक पक्का होईल. अरबी तिलावत शिकवा, उर्दूची गोडी लागली तर तीही लावा, भाषा वाढल्याने कोणी गरीब होत नाही. दुसरी, ज्या मुलुखात राहायचे तिथली भाषा नुसती बोलता येऊन भागत नाही. ती लिहिता आली पाहिजे, तिच्यातले वर्तमानपत्र, सातबारा आणि कविता वाचता आली पाहिजे. शाळेचे माध्यम कोणतेही निवडा, पण मराठी नीट वाचता-लिहिता येईल ही जबाबदारी घराने घ्यावी. रोज रात्री एक पान मोठ्याने वाचून घेतले तरी वर्षभरात फरक दिसतो. तिसरी, दादी-नानीच्या बोलीला घरात कोणी हसू नये. तिचे उच्चार दुरुस्त करायला धावू नये. बशीर यांना जे मिळाले ते तिथूनच मिळाले.

यासाठी एक छोटे काम सुचवतो. या सुट्टीत मुलांना एक वही द्या आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईजवळ बसवा. सेहरीला, इफ्तारला, बारशाला, मय्यतीला, पावसाला, माशांना, नात्यांना तुमच्या घरात कोणते शब्द आहेत ते तिच्या तोंडून लिहून घ्या, ती म्हणते तसेच. पन्नास शब्द झाले तरी पुष्कळ. वही आमच्याकडे पाठवलीत तर निवडक शब्द याच सदरात छापू. आणि नाही पाठवलीत तरी वही घरात राहील, ते अधिक महत्त्वाचे.